दहा मिनिटं पुढचं घड्याळ

माझ्या भागीदाराने मला फसवलं. गिऱ्हाइकासमोर, आणि हसत हसत.

हडपसरला आमचं दोघांचं ऑफिस होतं. दुकानातला वजनकाटा कॉम्प्युटरला जोडणारं सॉफ्टवेअर आम्ही करायचो. तो इंजिनिअर, मी दहावीनंतर रिपेअरिंगच्या दुकानात शिकलेला. नमुना फाइल तो लिहायचा. बिल्ड केला, म्हणजे प्रोग्राम जुळवून तयार केला, की तिच्यावरून सेटिंगची फाइल बनायची आणि दुकानातला काटा कोणता, ते मी तीत हाताने भरायचो. नमुना सेटिंगपेक्षा नवा असेल तरच ती फाइल पुन्हा कोरी बनायची.

पण महिनाभर ती उगाचच कोरी होत होती. त्याने नमुना पाठवला की मी भरायचो, बिल्ड करायचो, भरलेलं गायब. चिडून चहाला जायचो. आल्यावर बिल्ड केला की एकदा शेवटची कोरी व्हायची, मग भरलेलं टिकायचं.

मंडईतल्या फळांच्या आडत्याचं काम मी घासाघीस करून मिळवलं होतं. काटा दाखवायच्या दिवशी भागीदाराने तिथेच आपल्या लॅपटॉपवर नमुन्यात एक दुरुस्ती केली आणि फाइल मला दिली. मी माझ्या कॉम्प्युटरवर सेटिंगमध्ये काटा कोणता ते भरलं, बिल्ड केला. पडद्यावर शून्य.

"अहो, पेटीभर आंबे ठेवलेत," आडते म्हणाले. "तुमच्या यंत्राचा उपास आहे का?"

भागीदार हसला. "यांना नको तिथे हात घालायची सवय आहे."

दुसऱ्या दिवशी आडत्यांनी काम त्याला एकट्याला दिलं.

तो ऑफिसातलं आपलं सामान न्यायला आला तेव्हा त्याच्या लॅपटॉपवर अकरा दहा झाले होते. भिंतीवरच्या घड्याळात अकरा.

"पुढे ठेवलंय," तो म्हणाला. "स्वारगेटची बस चुकून उशीर झाला की तुम्ही ओरडायचात."

म्हणजे त्याची प्रत्येक फाइल दहा मिनिटं पुढची वेळ घेऊन यायची. मी आत्ता भरलेली सेटिंग तिच्यापुढे जुनी ठरायची. चहाला जितका वेळ लागे, तेवढ्यात खरी वेळ तिला गाठायची.

"तुला माहीत होतं?"

"पहिल्याच आठवड्यात कळलं."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही कुणाचं ऐकता?"

मी त्याला म्हटलं: ओरडायचो मी, नाकारत नाही. पण त्या दिवशी काट्यापाशी मी तोंड मिटून उभा होतो. ऐकायला तयार होतो. तेव्हा आडत्यांना एक वाक्य पुरलं असतं: साहेब, घड्याळ माझं चुकलंय. त्याऐवजी तू माझ्या हाताला नावं ठेवलीस, ज्या हाताने हे ऑफिस उभं राहिलं.

आता मंडईत चल. त्याच काट्यापाशी, त्याच आडत्यांसमोर सांग, चूक कुणाच्या हाताची होती.