गॅरेजचा पाया

ही गोष्ट सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं, कारण ती सांगताना दोष माझ्या पदरात घ्यावा लागतो.

नव्वदीच्या सुरुवातीला बायकोच्या धाकट्या भावाने गव्हाणजवळ ट्रक दुरुस्तीचं गॅरेज बांधायला घेतलं. न्हावा शेवा बंदरातल्या गाड्यांचं काम मिळेल या भरवशावर त्याने नोकरी सोडली होती. जागा भातशेतीवर भराव टाकून केलेली. मी नवीन पनवेलला बांधकामांवर सुपरवायझर होतो, म्हणून पायाचं त्याने मला विचारलं.

“दाजी, माती अजून ओली हाय. सलग काँक्रीटच ओतूया ना?”

“मग दसऱ्याला गाडीची पूजा करणार, की पायावर पाणी मारत बसणार?” मी हसलो. काँक्रीटला वेळ लागला असता, आणि दसऱ्याचा मुहूर्त मीच सगळ्या नातेवाइकांना सांगून बसलो होतो. आम्ही सिमेंटचे ब्लॉक रचले.

पुढच्या पावसाळ्यात एक कोपरा खचला आणि भिंत वरपर्यंत तडकली. सगळ्यांसमोर मी म्हणालो, “भरलेला ट्रक आत घ्यायला कोणी सांगितलं होतं तुला?” त्याने ते खरं मानलं. गॅरेज बंद पडलं. आपल्याच हाताने घालवलं, असं तो लोकांना सांगत राहिला.

दर दसऱ्याला तो माझ्या हातात आपट्याची पानं ठेवून वाकायचा. शेवटच्या दसऱ्याला त्याने ती अंथरुणातूनच पुढे केली. चूक माझी होती, तुझी नव्हे, एवढंच मला बोलायचं होतं. मी पानं घेतली आणि म्हणालो, “लवकर बरा हो.”