खडकावरची शेकोटी

ज्या गावची माणसं अजून समुद्रातून परतलेली नाहीत, त्या गावच्या किनाऱ्यावर तुम्ही सुट्टी घालवाल का?

वडील कामगार चळवळीतले. आमच्या सरावलीच्या खोलीत लग्नपत्रिकांपेक्षा पत्रकं जास्त यायची, आणि त्यांच्या कोऱ्या पाठीवर मी अक्षरं गिरवली. राग मला तिथून मिळाला. भीती घिवलीच्या किनाऱ्यावर भेटली.

ऐंशीच्या दशकातली दिवाळीची सुट्टी. नुकतंच वादळ होऊन गेलं होतं. आमच्याकडे मासळी घेऊन येणारी मावशी आली नाही, म्हणून आई मला घेऊन घिवलीला तिच्या घरी तांदूळ पोचवायला गेली. मावशीचा नवरा ज्या होडीवर होता, ती परतली नव्हती. विजेचे खांब आडवे झालेले, गाव अंधारात. खाडीच्या तोंडाशी बायकांनी जाळ पेटवून ठेवला होता. होडी यायची असेल तोवर तो विझू द्यायचा नाही, आणि किनाऱ्यावर दुसरी आग दिसू द्यायची नाही. चुलीसुद्धा दाराआड. समुद्रातला माणूस जाळ बघून वळतो.

दिवेलागणीला पलीकडच्या खडकांवर दुसरा जाळ उठला. मावशी धावली, मागून आम्ही.

मुंबईहून जीपने आलेलं एक कुटुंब होतं. पडलेल्या घरांचे वासे आणून त्यांनी शेकोटी केली होती. टेपवर गाणी चालू.

"इझवा ती," मावशी म्हणाली.

"अहो मावशी, आमचा कुणाला त्रास नाही," त्यातले गृहस्थ म्हणाले. "उलट आम्ही आलो म्हणून तुमचे चार नारळ तरी खपले."

तेही खरंच होतं. नारळ मावशीच्या दिरानेच विकले होते. ही गोष्ट मला अजून गिळता येत नाही.

"नारल खाल्ले, बरा झाला. आता माजा मानूस खडकावर घालता काय?"

तेवढ्यात त्यांची बायको म्हणाली, "अहो, तो कंदील बघा."

दूर पाण्यात एक ठिपका हलत होता. आमच्याच दिशेने.

मावशी खाली बसून दोन्ही हातांनी वाळू फेकू लागली. आई, मी, सगळेच. त्या गृहस्थांनी मटणाचं पातेलं आगीवर उपडं केलं. मग काळोख. लाटांआड कंदील दिसेना. लाकूड खडकावर आपटल्याचा आवाज येतो का, ते ऐकत आम्ही उभे राहिलो.

कंदील पुन्हा दिसला तो खाडीच्या अंगाला.

आम्ही खाडीच्या तोंडाशी पोचलो, तोवर होडी सुखरूप लागली होती. दुसऱ्या गावची होती. मावशीने प्रत्येक चेहऱ्यावर उजेड धरून पाहिला, मग जाळात नवं लाकूड सरकवलं.

"मदतीला थांबू का आम्ही?" त्या गृहस्थांनी हळू आवाजात विचारलं.

"जा दादा. तुमच्या घरी वाट बगत असतील."

आम्ही निघालो तेव्हाही ती जाळापाशीच बसलेली होती.

वादळानंतर कुठल्याही किनाऱ्यावर जाणार असाल, तर वाळूवर सतरंजी पसरण्याआधी गावात जा. पहिल्या घरी विचारा, कुणी यायचं राहिलंय का? हो म्हणाले, तर सोबत आणलेलं धान्य त्यांच्या दारात ठेवा आणि परत फिरा.