आत्याचा वरचा मजला

माझ्या आत्याइतकं मनापासून चिडणारं माणूस सगळ्या पडेगावात दुसरं नाही, आणि अशा बाईनं परक्या लोकांना घरात उतरवून घ्यायचं काम पत्करावं, एवढं मोठं धाडस आमच्या खानदानात आजवर कुणी केलेलं नाही. तिचा दिवस दूधवाल्यापासून सुरू होतो. दूध पातळ असलं तर ती चिडते, आणि घट्ट असलं तर "मग काल कामून पातळ दिलं होतं?" म्हणून चिडते. टीव्हीवर हवामान सांगणाऱ्या मुलीवर चिडते, कारण ती मराठवाड्याचं नाव नेहमी शेवटी घेते. चिडली की पदर कमरेला खोचायचा, चष्मा कपाळावर चढवायचा आणि मग समोरचा माणूस निघून गेला तरी आपलं बोलणं पुरं केल्याशिवाय थांबायचं नाही. मात्र एवढ्या वर्षांत तिनं चिडून कुणाला उपाशी लावून दिलंय, असं झालेलं नाही. शिव्या आणि पोहे ती एकाच वेळी देऊ शकते.

दौलताबादच्या रस्त्यावरून आत वळलं की तिचं घर लागतं. आत्याच्या यजमानांनी, म्हणजे आमच्या मामांनी, वरचा मजला मुलाच्या लग्नाआधी हौसेनं बांधला. मुलगा, म्हणजे माझा आतेभाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो. त्यानं लग्न केलं आणि तो बंगळुरूला गेला. वरच्या मजल्यावर जाळी विणून कोळी राहायला आले. मामा गेल्यावर दादाच म्हणाला, "आई, वेरूळला, किल्ल्यावर जाणारे लोक याच रस्त्यानं जातात. वरचा मजला ॲपवर टाकू. तुला सोबत होईल." त्या लोकांशी कोण बोलणार, बुकिंग कोण घेणार, याचा विचार दादानं केला नव्हता. मी दोन गल्ल्या पलीकडे राहतो, एवढ्याच कारणावरून ते काम माझ्या मोबाइलवर आलं. शेंद्र्याला कंपनीत मशीनसमोर उभा असताना मला फोन येऊ लागले. "तुझे ते दिल्लीवाले चपला घालून वर गेले. सांग त्यांला!" जणू मीच दिल्लीवाल्यांना जन्म दिला होता.

खरी लढाई होती पाण्याची. आमच्या शहरात नळाला पाणी आलं की तो घरात सणाचा दिवस असतो. कुणाकडे पाणी कधी आलं होतं, हे लोकांना मुलांच्या वाढदिवसापेक्षा पक्कं पाठ असतं. आणि वर उतरलेले पाहुणे शॉवरखाली उभे राहून गाणी म्हणायचे. आत्या खाली अंगणात पाइपाला कान लावून उभी. पुण्याच्या एका गृहस्थानं दुसरं गाणं सुरू केलं तेव्हा तिनं खालून व्हॉल्व्ह बंद केला आणि जिन्यातून ओरडली, "डोकं धुताय का म्हशी?" गृहस्थ डोक्यावर फेस, कमरेला टॉवेल अशा अवस्थेत गॅलरीत आले. पुढचं भांडण पाहायला समोरच्या गच्चीवर माणसं जमली होती.

गृहस्थांनी जाऊन ॲपवर लिहिलं, "जागा स्वच्छ, पण जुनाट. चादरी बघून आजोळ आठवलं. घरमालकीण अंघोळीवर पहारा देते." मी भीत भीत वाचून दाखवलं. पहाऱ्याचं तिला काहीच वाटलं नाही. "देतेच मुळी," म्हणाली. पण 'जुनाट' हा शब्द तिला झोंबला. "जुनाट म्हणजे? घर का मी?"

त्यानंतर बुकिंग आटलं. महिना असाच गेला आणि एका रविवारी दादाचा फोन आला. मी तिथंच चहा पीत बसलो होतो. दादा म्हणाला, "आई, करायचं तर नीट कर, नाहीतर बंद करू. खरं म्हणजे घरच विकून टाकू आणि तू इकडे ये. एकटी कशाला राहतेस तिथं?" मी आता स्फोट होणार म्हणून कप खाली ठेवला. आत्या एवढंच म्हणाली, "बघते." फोन तिनं पालथा घालून ठेवला, छताकडे बघितलं आणि मला म्हणाली, "उद्या सुट्टी टाक. वरचं सगळं बदलायचं."

पुढचे आठवडे आमच्या गल्लीनं काय काय ऐकलं! रंगाऱ्यानं रंगाच्या छटा दाखवल्या तेव्हा ती म्हणाली, "हे पांढरं, हे पांढरं, अन् हेबी पांढरंच. मला येडी समजतो का रे?" फुलाफुलांच्या चादरी जाऊन पांढऱ्या शुभ्र चादरी येणार म्हटल्यावर तिनं मला अंगणात उभं करून झापलं, "मढ्यावर घालत्यात तसलं पांढरं मी जित्या माणसाच्या अंथरुणावर घालू? अन् हळदीचा डाग पडला तर तू धुशील?" शेवटी चादरी आल्या. मग हॉटेलात असतो तसा पलंगाच्या पायथ्याशी रंगीत पट्टा हवा, असं मी म्हणालो, तर तिनं पेटीतून स्वतःच्या लग्नातली हिमरू शाल काढली. कापसाच्या गाद्या गेल्या, ट्यूबलाइट जाऊन पिवळे मंद दिवे आले. "वाचायचं कसं ह्याच्यात?" म्हणून तिनं प्रत्येक दिव्याला स्वतंत्र शिव्या घातल्या. पण रोज जिन्याचे कठडे पुसून घ्यायची, आणि कुणी बघत नाही असं वाटलं की नव्या गादीवर बोटं दाबून बघायची.

आणि मग दादानं पाठवलेला बाथटब आला.

त्यानं कुठंतरी वाचलं होतं की टब असला की भाडं वाढतं. टेम्पोतून तो पांढरा, भलामोठा प्रकार उतरला तेव्हा आत्या त्याच्याभोवती एक चक्कर मारून आली. "ह्याच्यात बसून करायचं काय?"

"पडून राहायचं, आत्या. पाण्यात."

"कामून?"

टब जिन्याच्या वळणावर अडकला, कठडा कापावा लागला, हमाल आत्यावर आणि आत्या हमालांवर ओरडली, आणि मी मात्र दादावर पेटलो. ज्या घरात हा माणूस लहानपणी पहाटे उठून नळाखाली हंडे लावायचा, त्या घरात त्यानं बंगळुरूहून बाथटब पाठवावा? मी तिथूनच फोन लावला. "दादा, पाणी कुठून आणायचं?" तो म्हणाला, "टँकर मागवा ना रे. एवढं काय त्यात?" मी त्याला नको ते बोललो आणि फोन कट केला. मला वाटलं, आत्या शाबासकी देईल. ती माझ्याच अंगावर आली. "मोठ्या भावाला आसं बोलत्यात? त्यानं आईसाठी हौसेनं पाठवलंय!" तिच्या पोरावर चिडायचा अधिकार फक्त तिचा होता, हे मला त्या दिवशी कळलं.

पुढच्या वेळी नळाला पाणी आलं तेव्हा घरातले हंडे, बादल्या, पिंपं भरून झाल्यावर आत्यानं टब भरला. वर जुनी साडी धुऊन झाकली. नव्या घराचे पहिले पाहुणे नागपूरचे. ॲपवर टबाचा फोटो बघूनच ते आले होते. त्यांनी साडी उचलली आणि आत्या दारातून कडाडली, "हात लावायचा नाय! वापरायचं पाणी हाय ते!" त्यांनी ॲपवर काय लिहिलं, ते मी इथं सांगत नाही.

मी हरलो होतो. दादाला सांगून टाकू, बंद करा सगळं, असं मनाशी ठरवलंही होतं. तेवढ्यात कोल्हापूरचं एक कुटुंब आलं. नवरा-बायको आणि नवऱ्याची म्हातारी आई. दिवसभर वेरूळची लेणी चढून-उतरून संध्याकाळी परतले, तेव्हा त्या माउलीचे गुडघे सुजून टम्म झाले होते. जिन्याच्या पहिल्याच पायरीवर ती बसली, उठेचना. आत्यानं पदर खोचला. "आईला एवढं चालवत्यात? तुला काय सगळी लेणी एकाच दिवसात इकत घ्यायची होती?" तो बिचारा खाली मान घालून उभा राहिला. मग तिनं टँकरवाल्याला फोन लावला. पलीकडून आवाज आला, "आरा ना अम्मा, कायकू चिल्लारे?" तिचं चिल्लाना टँकर दारात येईपर्यंत चालू राहिलं. टबातलं साठवलेलं पाणी उपसून तिनं पिंपात भरलं, टब घासला, गिझरचं गरम पाणी सोडलं, त्यात मूठ मूठ मीठ टाकलं, मुलाला आईला उचलून वर आणायला लावलं आणि त्या बाईला सुनेच्या आधारानं हळूच आत बसवलं. स्वतः शेजारी स्टूल घेऊन बसली. सुनेला बाहेर पाठवलं.

बराच वेळ आतून दोघींचा आवाज येत होता. आधी गुडघ्यांबद्दल, मग मुलांबद्दल. दोघी मिळून मुलांवर अशा तुटून पडल्या होत्या, की बाहेर माझ्याशेजारी सोफ्यावर बसलेला मुलगा कासावीस झाला. मग आतून हसू ऐकू आलं. आत्याला मी असं हसताना मामा गेल्यापासून ऐकलं नव्हतं.

त्या मुलानं लिहिलं, "घरमालकीण फार रागावतात. आई म्हणते, पुन्हा तिथंच जायचं." एवढंच. पण त्यानंतर माणसं आपापल्या आयांना घेऊन यायला लागली. आत्या आयांना टबात बसवायची आणि मुलांना झापायची, आणि ते झापून घेण्यासाठी माणसं पैसे मोजून येत होती. दिवाळीपर्यंत वरचा मजला एक दिवस रिकामा राहिला नाही.

त्या दिवाळीत दादा न कळवता आला. बायको, मुलगी, सामान, सगळं घेऊन दारात उभा. "सरप्राइज!" म्हणाला.

"आगुदर कळवायचं नाय का?" आत्या म्हणाली. "वर पाहुणे हायेत."

दादा हसला. त्याला वाटलं, ती त्यांना दुसरीकडे पाठवेल.

"बुकिंग हाय. कबूल केलंय मी त्यांला."

तिघं खालच्या हॉलमध्ये गाद्या टाकून झोपले. दादानं घर विकायचा विषय काढला नाही. निघताना वर जाऊन सगळं बघून आला आणि हसत म्हणाला, "आई, छान केलंस गं वरचं. आम्हाला तर राहायलाही नाही मिळालं." आत्यानं चिवड्याचा डबा त्याच्या हातात कोंबला. "निघा आता, गाडी चुकंल." मला मनातून फार बरं वाटलं. आत्या जिंकली, असं मी घरी जाऊन बायकोला सांगितलं.

पुढच्या रविवारी आत्या आमच्या घरी आली. ती कधी येत नाही, बोलावून घेते. चहाला नको म्हणाली. "तुझ्या त्या मोबाइलमधी नाताळच्या सुट्टीतले दिवस बंद कर."

"अगं, तेच तर खरे दिवस असतात. सगळ्यात जास्त लोक तेव्हाच येतात."

"बंद कर म्हणलं ना."

"दादा येतो म्हणाला का?"

"येत नाय, आसं तर नाय म्हणाला." मग भिंतीकडे बघत म्हणाली, "पोरीच्या शाळेला सुट्टी असती तवा."

मला राग आला. दादाचा आला, तिचा आला, हातातल्या त्या फोनचा आला. मी एकेक तारीख दाबत गेलो आणि एकेक चौकोन करडा होत गेला. तेवढ्यात फोन वाजला, तो मी स्पीकरवर घेतला. मुंबईचं कुणीतरी होतं, आईला घेऊन यायचं होतं आणि नेमके तेच दिवस हवे होते. मी काही बोलायच्या आत आत्यानं फोन माझ्या हातातून ओढून घेतला.

"नाय, जागा नाय," ती म्हणाली. "घरची माणसं येणार हायेत."

ते तिनं इतकं हळू सांगितलं, की पलीकडच्या माणसानं "काय म्हणालात?" म्हणून पुन्हा विचारलं.