पांढऱ्या साडीसाठी सिंगापुरात एक शनिवार

सामानाचा पट्टा बराच वेळ रिकामा फिरत राहिला आणि मग थांबला. माझी बॅग काही आली नाही. काउंटरवरच्या मुलीने संगणकात पाहिलं आणि सांगितलं, बॅग मुंबईतच राहिली आहे, उद्या संध्याकाळी मिळेल.

"उद्या सकाळी दहाला लग्न आहे," मी म्हणालो.

तिने अगदी मनापासून दिलगिरी व्यक्त केली. पण दिलगिरी नेसता येत नाही, आणि त्या बॅगेत नवरीची साडी होती.

नवरी म्हणजे माझी भाची प्राजक्ता. इथल्या विद्यापीठात संशोधन करते. तिची आई, माझी थोरली बहीण सुनंदाताई, पंधरा दिवसांपूर्वी जिन्यावरून पडली आणि नाशिकला पायाला प्लास्टर घालून बसली. लग्नाला येणं रद्द झालं. मग तिने साडी तरी आपल्या पसंतीची जावी म्हणून दुकानदाराला घरी बोलावून घेतलं आणि एक निवडली. पांढरी रेशमी, निळ्या काठाची. आम्ही बौद्ध. आमच्यात नवरी पांढऱ्या साडीत उभी राहते आणि निळा रंग आम्हाला काय आहे, हे आमच्या माणसाला सांगावं लागत नाही.

निघताना ताईने दोनदा बजावलं होतं, "दिलीप, साडी हातातल्या पिशवीत ठेव." मी ठेवली नाही. हातातल्या पिशवीत चिवडा आणि गोडा मसाला होता. मसाल्याचा वास साडीला लागायला नको म्हणून मी मसाला मांडीवर घेऊन विमानात बसलो आणि साडी बॅगेत टाकली. असला शहाणपणा आपलाच माणूस करू जाणे.

प्राजक्ता बिशानला राहते, सरकारी वसाहतीतल्या दहाव्या मजल्यावर. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "जाऊ दे ना मामा. माझ्याकडे पांढरा कुर्ता आहे. चालेल."

मी तीस वर्षं शाळेत शिकवलं आहे. मुलं कोणत्या सुरात 'चालेल' म्हणतात तेव्हा अजिबात चालणार नसतं, ते मला कळतं.

"साडी घेऊनच येतो," मी म्हणालो.

"आईला सांगू नकोस हं," ती म्हणाली. तिला ईस्ट कोस्टच्या हॉलवर सजावटीला जायचं होतं, म्हणून मी एकटाच निघालो. आयुष्यात मी साडी विकत घेतली नव्हती. बायको असतानाही तो अधिकार तिने मला कधी दिला नाही.

बिशानहून एमआरटीने (इथल्या मेट्रोने) न्यूटन, तिथे गाडी बदलून लिटल इंडिया. सरकत्या जिन्यावर इथे डाव्या बाजूला उभं राहायचं आणि उजवी बाजू घाईतल्यांना सोडायची असते. मी उजवीकडे ठाण मांडलं होतं. मागून एक मुलगी म्हणाली, "एक्सक्यूज मी, अंकल." इथे अनोळखी माणूसही सगळ्यांचा अंकल असतो. मी घाईत असूनही रस्ता मीच अडवला होता.

लिटल इंडियात मोगऱ्याच्या गजऱ्यांचा वास आणि दुकानादुकानांतून लाल साड्यांचे ढीग. पहिल्या दुकानातल्या तमिळ बाईंनी लग्न म्हटल्याबरोबर लाल, डाळिंबी, शेंदरी अशा डझनभर साड्या उलगडल्या. मी पांढरी मागितली तेव्हा त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "घरात कोणी गेलं का?" दुसऱ्या दुकानात सोनेरी काठाची केरळी साडी मिळत होती. सुरेख होती, पण मला निळाच काठ हवा होता. तिसऱ्या दुकानदाराने मला समजावलं, की नवरीला पांढरं नेसवणं बरं नाही. मी त्याला समजावलं, की आमच्यात हेच बरं. दोघंही आपापल्या जागी ठाम राहिलो. चौथ्या दुकानात शेवटी एक कोरी पांढरी रेशमी साडी सापडली, बिनकाठाची. मी ती घेतली आणि शेजारच्या गल्लीत निळा काठ वारावर विकत घेतला. आता ते दोन एकत्र करणारे हात तेवढे शोधायचे होते.

दुपार झाली होती. टेक्का सेंटरमध्ये खाली हॉकर सेंटर (स्वस्त खाण्याच्या टपऱ्यांचं मोठं दालन) आहे. तोसै (आपला डोसाच) घेऊन मी एका रिकाम्या टेबलावर बसलो. टेबलावर कागदी रुमालांचं पाकीट पडलेलं होतं. कोणीतरी विसरलं असावं म्हणून मी ते उचलून टेबलं पुसणाऱ्या बाईंकडे जमा करून आलो. परत येतो तो हातात नूडल्स घेतलेली एक चिनी आजीबाई माझ्या ताटाकडे रागाने बघत उभी.

"माझं टिश्यू कुठे? मी चोप केलेलं लाह!"

'लाह' हे इथल्या बोलण्याचं शेपूट; चोप म्हणजे पाकीट ठेवून टेबल धरणं. आपण एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतो, तसंच. मी धावत जाऊन पाकीट परत आणलं. हसून तिने मला बसू दिलं. मग तिची नजर निळ्या काठाच्या गुंडाळीवर गेली.

"हे कोण शिवणार? माझं मशीन वरच्या मजल्यावरच आहे."

मी आनंदाने सगळं सांगितलं. तिने चॉपस्टिक्स खाली ठेवल्या.

"पांढरं आणि निळं? उद्या नवरीला? अंकल, आमच्यात माणूस गेल्यावर हे रंग. मी नाही शिवणार."

"आंटी, आमच्यात हे आनंदाचे रंग आहेत. तिच्या आईने निवडलेले."

"मग आई कुठे आहे?"

"पाय मोडलाय. घरी आहे."

तिने चॉपस्टिक्स पुन्हा उचलल्या. मग म्हणाली, "शिवते. पण काठाच्या आत एक लाल टाका घालणार, लाल शुभ. कोणाला दिसणार नाही."

मी आयुष्यभर मुहूर्त, पत्रिका आणि लिंबू-मिरचीशी भांडत आलेला माणूस. 'नको' अगदी ओठांवर आलं होतं. पण कधीही न पाहिलेल्या मुलीचं वाईट होऊ नये म्हणून ही बाई काळजी करत होती. 

"घाला," मी म्हणालो.

वरच्या मजल्यावर चार तास मी साडीचं दुसरं टोक धरून बसलो. काठ तिरका जायला लागला की ती 'आय्यो' म्हणायची आणि उसवायची. सहा वाजता तिने साडीला इस्त्री केली, घडी घातली आणि माझ्या हातात देताना म्हणाली, "नवरीला सांग, आंटीने शुभेच्छा दिल्यात."

दुसऱ्या दिवशी प्राजक्ता ती साडी नेसली. खुर्चीवर लॅपटॉप ठेवला होता, त्यात ताई. बुद्धवंदना झाली, नवरा-नवरीने एकमेकांना हार घातले, आणि ताईने पडद्यावर डोळे पुसले. माझी बॅग त्या संध्याकाळी आली. प्राजक्ताने आईची साडी कपाटात ठेवली आणि मी तोंड बंद ठेवलं.

आठवड्याने नाशिकला परतलो. ताईसमोर बसलो आणि आधी कबुली दिली. ती म्हणाली,

"मला लग्नातच कळलं होतं. मी निवडलेला काठ बोटभर होता, हा चार बोटं दिसत होता."

"मग बोलली का नाहीस?"

"नवरीपेक्षा तूच जास्त घाबरलेला दिसत होतास. म्हटलं, लग्न तर लागू दे." मग तिने मान खाली घातली. "साडी पोचली नाही याचं मला काहीच नाही रे दिलीप. मी पोचले नाही, तेच लागलं. सगळे जण मला साडी दाखवत होते. कोणी तिचा चेहरा नीट जवळून दाखवला नाही."

अख्खा दिवस मी परक्या शहरात धावलो होतो, हट्टाला पेटलो होतो, आणि तो लॅपटॉप दोन हात पुढे सरकवायचं मला सुचलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. प्लास्टर कधी निघणार, हे मी विचारलं. महिनाभराने, ती म्हणाली.

मी उठलो आणि तिचं कपाट उघडलं.

"ताई, तुझा पासपोर्ट कुठे आहे?"