देवीने उचललेलं दुखणं

ऑपरेशनआधी आईने डॉक्टरांना एकच विचारलं होतं, "माझ्या हातानं जेवता येईल ना?" घसरून पडल्याने तिचं उजवं कोपर मोडलं होतं. डॉक्टर म्हणाले, नक्की येईल.

बाहेर आणल्यावर आई हसत होती. "दुखतच नाय गं काही!" आई कळवणकडची, सप्तशृंगीवर तिचा जीव, त्यात नवरात्र सुरू. देवीनं दुखणं उचललं, असं तिने ठरवूनच टाकलं.

देवीने कसलं? खांद्याजवळ इंजेक्शन देऊन हाताच्या नसा बधिर केल्या होत्या. भूलतज्ज्ञांनी मला बजावलं होतं, "बधिरपणा उद्या उतरेल. दुखायची वाट बघू नका, गोळ्या आधीच सुरू करा. दुखणं ताब्यात राहिलं तरच हात हलवता येईल, नाहीतर कोपर आखडेल." मी आईला हे घोकून घोकून सांगितलं. तिने नंदीबैलासारखी मान डोलावली.

सकाळी घरी आलो. मी दिलेल्या गोळ्या तिने गालात धरल्या आणि माझी पाठ वळताच उशीखाली सारल्या, हे मला नंतर कळलं. देवीनं उचललेल्या दुखण्यावर औषध घ्यायचं म्हणजे तिच्यावर अविश्वास दाखवायचा, असं तिचं म्हणणं.

दुपारी हात जागा झाला आणि आई गुरासारखी ओरडली. परत दवाखान्यात नेलं. इंजेक्शनं झाली, वाढीव औषधं झाली, पण दुखणं औषधांच्या पुढे गेलं होतं. "चुकलं माझं," असं ती देवीला विनवत होती. मला नाही, डॉक्टरांना नाही. मला भयंकर राग आला, तिचा आणि देवीचाही.

त्या दुखण्याचा तिने असा धसका घेतला की व्यायाम शिकवणारी बाई आली की ती हात पोटाशी धरून रडायची. दुखणं ओसरलं तोवर कोपर आखडून बसलं होतं. आता याहून वाकणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

हात तोंडापर्यंत पोचत नाही, आणि डाव्या हाताने जेवायला ती तयार नाही. म्हणून दोन्ही वेळा मी भरवते. कधी वैतागते, मग माझं मलाच रडू येतं.

काल वरणभात भरवताना ती भिंतीवरच्या देवीच्या तसबिरीकडे बघत राहिली.

"अठरा हात हायेत तिला," ती म्हणाली. "एका हाताचं मोल तिला काय कळणार?"

आणि पुढच्या घासासाठी तोंड उघडलं.