क्रेट बेटावरचा माठ

आईला ऑकलंड मानवलं नाही, हे मान्य करायला मला बराच वेळ लागला. बाबा गेल्यावर मीच तिला इथल्या माउंट रॉस्किल उपनगरात माझ्याकडे आणलं होतं. शेजारीण 'किया ओरा' असा माओरी नमस्कार करायची, आई हसायची आणि घरात यायची. एप्रिलमध्ये म्हणाली, "मला डोंबिवलीला सोड गं." परत येशील का, हे विचारायची हिंमत होईना. ठरलं ते एवढंच: बँकॉकपर्यंत दोघी, थोडी भटकंती, मग ती मुंबईला आणि मी ऑकलंडला.

मॉल तिला नकोच होते, म्हणून पाक क्रेट गाठलं. चाओ फ्राया नदीकाठचा हा तालुका बँकॉकला चिकटूनच आहे. टॅक्सीने जा, ट्रॅफिकची तयारी ठेवा. धक्क्यावरून क्रेट बेटावर होडी जाते. भाडं किरकोळ, पण सुट्टे जवळ असू द्या. आणि जायचं ते शनिवार-रविवारीच, एरवी बरीच दुकानं बंद असतात.

हे मुळात बेट नव्हतंच. अयुथ्या ही थायलंडची राजधानी होती तेव्हा तिथल्या राजांच्या काळात नदीचं वळण टाळायला कालवा खणला आणि मधली जमीन सुटी झाली. तिथे ब्रह्मदेशातून आलेले मोन लोक वसले, त्यांचं कुंभारकाम अजून चालू आहे. काठावरच पांढरा स्तूप दिसतो, नदीकडे चांगलाच कललेला.

"पडेल की गं हा," मी म्हटलं.

"इतकी वर्षं नाही पडला, आता तुझ्यासाठी पडतोय," आई म्हणाली. किती दिवसांनी ती असं बोलली!

जेवायला मोगऱ्याच्या वासाच्या गार पाण्यातला भात, ही मोन लोकांची उन्हाळ्यातली खासियत. सोबतच्या तळणात कोळंबी असते, शाकाहारी मंडळींनी आधी विचारा. आईने नुसता भात खाल्ला. "पाणी माठातलं आहे," ती म्हणाली आणि तडक कुंभारांच्या गल्लीत शिरली.

तिथे नक्षीदार मडकी सोडून ती साधे माठ बोटाने वाजवत, कान लावून ऐकत बसली. दुकानदार बाईंनी आतून एक आणून पुढे ठेवला. ठण्ण! दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. मी मात्र मनात म्हटलं, झालं, हिने डोंबिवलीचा संसार मांडला.

विमानतळावर आईने साडीत गुंडाळलेला तो माठ माझ्या हातात दिला.

"अगं, मला कशाला?"

"डोंबिवलीत माठ मिळत नाहीत का? नव्या माठाचं पाणी मला आवडत नाही. तुमचा उन्हाळा डिसेंबरात ना? तोवर मुरू दे."

मी माठ पोटाशी धरला.

ऑकलंडला उतरल्यावर माठ डिक्लेअर केला. तुम्हीही करा, इथे बाहेरच्या मातीतून रोगकिडी येण्याची फार धास्ती असते. अधिकाऱ्याने आतबाहेर न्याहाळला आणि 'स्वीट अ‍ॅज', म्हणजे इथल्या बोलीत 'एकदम मस्त', म्हणत सोडला.

आता इथे कडाक्याची थंडी आहे, गार पाणी कोणी पीत नाही. तरी मी रोज माठ धुऊन भरते. काल आईचा फोन आला.

"मातीचा वास गेला का गं?"

"थोडा आहे अजून."

"जाईल. तिकीट नोव्हेंबरअखेरचं बघ."