दाराला मूठ नसलेली गाडी

मानोऱ्यात आमचं साड्यांचं दुकान आहे. लग्नसराईत मी गाडीत साड्यांचे गठ्ठे टाकते आणि तांड्यांवर, इंझोरीकडे, जिथून बोलावणं येईल तिथे जाते. गाडी जुनी, डिझेलची. बाई स्वतः गाडी चालवते याचं लोकांना अजून अप्रूप वाटतं. त्या अप्रूपापायीच गेल्या उन्हाळ्यात इलेक्ट्रिक गाड्यांच्या एका कंपनीचा माणूस दुकानात आला. जाहिरातीसाठी त्याला अशीच बाई हवी होती. नव्या गाडीशेजारी उभं राहून मी एवढंच म्हणायचं होतं, "आता माझं कुठेच अडत नाही." बदल्यात आम्हाला गाडीवर भरपूर सूट.

माझे मिस्टर एका पायावर तयार झाले. मी म्हटलं, "आधी चालवून पाह्यतो, मंग बोलतो."

ठरलं असं की सासूबाईंना शिरपूरला देवदर्शनाला न्यायचं आणि तिथेच ती ओळ बोलायची. मी चालवायला बसले, शेजारी कंपनीचा माणूस, मागे सासूबाई आणि मिस्टर. गाडी पळते झकास, आवाज नाही, धूर नाही. ते मी नाकारत नाही. पण समोर एकही बटण नव्हतं. एसीची हवा तोंडावरून जरा बाजूला करायची तरी रस्त्यावरची नजर काढून त्या भल्यामोठ्या स्क्रीनवर बोटं फिरवायची. समोर शेळ्यांचा कळप आणि मी बोटं फिरवतेय!

"गाडी पुढे स्वतःच चालेल, मॅडम," तो म्हणाला. "अपडेट येईल."

"आन् ह्या शेळ्या?"

"त्याचंही अपडेट येईल."

"मी गिऱ्हाइकाले असं सांगू का, की साडी आज न्या, पैसे आज द्या, पदर पुढच्या वर्षी येईन?"

तो हसला. मिस्टरांनी मागून खाकरून मला गप्प केलं.

शिरपूरला मंदिराजवळ गाडी लावली. आम्ही तिघं उतरलो. सासूबाई अजून आत बसूनच पायाने चपला शोधत होत्या, तेवढ्यात त्यांच्या बाजूचं दार आपोआप मिटलं. मी उघडायला गेले तर धरायला काही नाही. त्या गाडीच्या मुठी दारातच दडलेल्या असतात, जवळ गेलं की बाहेर येतात म्हणे. आल्या नाहीत. चारही दारं बंद. किल्ली म्हणजे त्या माणसाचा मोबाईल. तो त्याच्यावर बोट आपटत राहिला. आत सासूबाई दारावरचं बटण दाबत होत्या, मग काचेवर थापा मारू लागल्या. ऊन असं की पत्र्याला हात लावला तर चटका बसावा. त्यांचे ओठ हलताना दिसत होते, शब्द ऐकू येत नव्हते.

त्या माणसाने शेवटी ऑफिसला फोन लावला. तिकडून कळलं, दाराच्या कप्प्यात रबराखाली एक दोरी असते, ती ओढायची. दार हाताने उघडायची सोय, तीही लपवून ठेवलेली! मी काचेला तोंड लावून ओरडले, हाताने खुणा केल्या. सासूबाईंनी कप्पा चाचपला, रबर उचकटलं आणि दोरी ओढली. दार उघडलं. त्या घामाने निथळत बाहेर आल्या, माझा दंड घट्ट धरला आणि म्हणाल्या, "गाडी व्हय का तिजोरी व्हय वं ही?"

मी त्यांना सावलीत बसवलं, पाणी पाजलं. पाहते तर तो माणूस मोबाईल स्टँडवर लावून तयार.

"मॅडम, चेहरा फ्रेश आहे तोवर ओळ घेऊ या."

"काहून? एवढं झाल्यावर बी?"

"छोटासा ग्लिच होता, मॅडम. पुढच्या अपडेटमध्ये..."

मिस्टर हळूच म्हणाले, "म्हणून टाक ना. एक ओळ तर हाय."

मी कॅमेऱ्यासमोर उभी राहिले. म्हणाले, "माही सासू आत्ता या गाडीत अडकली होती. मूठ दिसत नव्हती, दोरी लपवेल होती. ज्यानं हे दार बनवलं त्यानं सोताच्या मायले उन्हात आत बसवून पाहावं." त्याने घाईघाईने रेकॉर्डिंग बंद केलं.

"तुम्ही प्रगतीच्या विरोधात आहात का?"

"दाराच्या बाजूनं हाये," मी म्हटलं.

दर्शन घेऊन मी आणि सासूबाई एसटीने परतलो. खिडकीतून गरम वारा येत होता, पण खिडकी आमच्या हाताने उघडत होती. मिस्टर रागारागाने त्या गाडीतच बसले. संध्याकाळी घरी आले तेव्हा सदरा पाठीला चिकटलेला.

"एसी नव्हता लावला?"

पाठीवरचा सदरा सोडवत ते म्हणाले, "घरापर्यंत चार्ज पुरावा म्हणून त्यानं बंद ठेवला."

जाहिरात दुसऱ्याच कोणा बाईला घेऊन झाली. दुकानात येणाऱ्या बायका मला मोबाईलवर दाखवतात, "तुमचा चान्स हुकला." मला त्याचं काही वाटत नाही. मिस्टरांच्या मनातून ती गाडी अजून गेलेली नाही. अधूनमधून विषय काढतात. मी सांगून ठेवलंय, आतून-बाहेरून साध्या हाताने उघडणारं दार दाखवा, आजच्या आज घेऊ. विजेवर माझा राग नाही. पण कोणीतरी पढवलेली ओळ मी माझ्या तोंडाने म्हणणार नाही.